सुती धूर

मी शाळेतून येऊन कुलपाला किल्ली लावते न लावते तोच समोरच्या कट्ट्यावरून आवाज यायचा, "बाई, सकाळचं दूध तापवलं न्हाईत वाटतं. नासलंय." दार बंद, खिडक्या बंद, दूध आत ओट्यावर झाकलेलं आणि अंबादासमामा रस्त्यापलीकडे बसलेले. आत जाऊन झाकण काढलं की दूध खरंच फाटलेलं असायचं. सुरुवातीला मला फार राग यायचा. आपल्या घरातली गोष्ट आपल्याआधी शेजाऱ्याला कळावी हे कुणाला आवडेल? पण हे इतक्यांदा झालं, की मी राग सोडला आणि निघण्याआधी दूध फ्रीजमध्ये ठेवायची सवय लावून घेतली.

सोलापूरच्या भवानी पेठेत नावाजलेली माणसं पुष्कळ, पण नावाजलेलं नाक एकच. बरं, एवढ्या कीर्तीचं नाक दिसायला धारदार वगैरे असेल म्हणावं, तर तेही नाही. बसकं, बुटकं, बटाट्यासारखं. मामांना त्याचा भलताच अभिमान. सर्दी झाली तर घरात कुणी अंथरुणाला खिळल्यासारखा चेहरा करून बसायचे आणि भेटायला आलेल्याला सांगायचे, "आज दुकान बंद हाय."

हे दुकान त्यांनी चादरी-टॉवेलच्या कारखान्यात चालवलं होतं. नोकरी सुताच्या गोदामावर. सूत आलं की कोनातून, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडाळीतून, एक धागा ओढायचा, त्याला काडी लावायची, फुंकर मारून विझवायचा आणि डोळे मिटून नाकाखाली धरायचा. "कागद जळल्यावानी वास आला की सूत. केस जळल्यावानी आला की लोकर. आन् गुळमट वास येऊन डोकं उठलं की समजायचं, आत पॉलिस्टर घुसलंय." राख बोटावर चोळून ओळखणारेही असतात. मऊ पडली तर सूत, कडक मणी लागला तर पॉलिस्टर. पण काड्यांनी भाजून भाजून मामांच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की बारीक मणी त्यांना लागायचाच नाही. "बोटं काय, सगळ्यांनाच असतेत. नाक लागतंय की," असं म्हणून ते बोटांचा विषय संपवायचे.

रिटायर झाले तरी लहान यंत्रमागवाले मालक कापडी पिशवीत कोन घालून त्यांच्या कट्ट्यावर यायचे. तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत, पण तिथं चहा मिळत नाही आणि तिथले लोक डोळे मिटून मान डोलावत नाहीत. मामा धागा जाळायचे, नाकाखाली धरायचे, मान जराशी घराच्या दाराकडे कलती करायचे आणि थांबायचे. आत उंबऱ्यापाशी त्यांच्या बायको, लक्ष्मीअक्का, काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. कधी त्यांच्या बांगड्या वाजायच्या, कधी त्या खोकायच्या. मग मामा डोळे उघडून निकाल द्यायचे. तो सगळा थाट बघायला मी मुद्दाम गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची.

लक्ष्मीअक्का बोलायच्या फार कमी. घरात तेलुगू, बोळात मराठी. पण दोन्हींत मिळून मामांच्या एका वाक्याइतकंच त्या दिवसभरात बोलत असतील. शेंगांची चटणी मात्र अशी करायच्या की बोलायची गरजच पडू नये. आमच्या बोळातल्या कुठल्याही घरी पाहुणा आला की एक वाटी अक्कांकडून यायची. खालच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी त्यांची शेगडी होती, आणि त्या खिडकीतून शेंगा भाजल्याचा वास आला की शाळेची पोरं उगाच तिथं रेंगाळायची.

मामांच्या कीर्तीचा कळस झाला तो कोरोनात. बोळातल्या निम्म्याअधिक लोकांचे वास गेले. मीही त्यातच. काही महिने हिंग आणि अत्तर मला सारखंच. तेव्हा मामा तोंडाला पंचा गुंडाळून कट्ट्याच्या एका टोकाला बसायचे आणि दुसऱ्या टोकाला लोक आपापली पातेली ठेवून लांब उभे राहायचे. मामा पातेल्यावर वाकून पंचा जरा खाली करायचे. "ही आमटी कालची हाय, चालंल. ही परवाची, म्हशीला घाला." "म्हैस कुठाय मामा आमच्याकडे?" "मग कशाला एवढी केली?" त्या दिवसांत अख्ख्या बोळाची पोटं त्या एका नाकावर शाबूत राहिली, आणि मामांनी ते पुढं कुणाला विसरू दिलं नाही.

एवढा वासाचा पारखी माणूस, पण रोज सकाळी रस्त्यावर कचरा पेटवायचा. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी ऐकणाऱ्याला खोटी वाटते.

दिवस उजाडला की मामा खराटा घेऊन बाहेर. आमच्या दोन घरांच्या मधे कडुलिंबाचं झाड आहे. त्याखालचा पाला, घरातला केर, जुने कागद आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या चिंध्या यांचा ते सुरेख ढीग करायचे. मग ढिगातून दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं चिमटीत धरून, तोंड वाकडं करून बाजूला काढायचे. ती पुढं कुठं जातात याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. वाऱ्यानं ती मागच्या बोळात जायची, आणि मागचा बोळ काही आपला नव्हे. एवढं सोवळं पाळून झालं की काडी ओढायची आणि शेजारी स्टूल टाकून बसायचं.

"मामा, धूर होतोय हो," मी वरून म्हणायची.

"धूर न्हाई बाई, सुती धूर हाय. लई फरक हाय. ह्यानं डास जातेत, हवा साफ होती, छाती मोकळी होती."

"आणि डोळे चुरचुरतात ते?"

"ते डोळ्यातली घाण निघती म्हणून."

मी कपडे आत घ्यायची. बरं, दुसऱ्या कुणी धूर केला की हेच मामा काठी घेऊन निघायचे. मागच्या बोळात सतीश नावाचा रिक्षावाला राहतो. एकदा सकाळी मामा त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मी दूध आणायला त्याच वाटेनं चालले होते, म्हणून हे मला समक्ष ऐकायला मिळालं.

"सतीश, लेकराचा वाढदिवस झाला म्हण की."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"थर्माकोलच्या बशा, फुगे, आन् वर मेणबत्त्या. तुझा धूरच सांगत आला आमच्या घरापत्तूर. आरं, ज्याचा वाढदिवस, त्याच्याच छातीत हे जहर घालतोस व्हय? थर्माकोल काय जाळायची वस्तू हाय? आन् केक कुटं हाय माझा?"

"मामा, तुमी बी रोज जाळताय की!"

"माझं सूत हाय!" मामा इतक्या जोरात म्हणाले की सतीशनं मुकाट्यानं ढिगावर बादली ओतली. दुसऱ्या दिवशी केकचा तुकडाही आणून दिला. मामांनी तो आधी हुंगला आणि मग खाल्ला.

महापालिकेची घंटागाडी आमच्याकडे येऊ लागली तेव्हा तिच्या भोंग्यावरून रोज सांगायचे की ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, जाळणाऱ्याला दंड होईल. मामा स्टुलावर बसून, पायाशी ढीग धुमसत असताना, मान हलवून म्हणायचे, "बरोबर बोलतेत. लई जाळतेत लोकं." आपल्याला कुणी बोलतंय असं त्यांच्या मनातही यायचं नाही.

ते मनात आणून द्यायला प्रज्ञा मॅडम आल्या. महापालिकेच्या आरोग्य खात्यात नव्यानं लागलेल्या, सडसडीत, पायात पांढरे बूट. आमच्या बोळात पांढरे बूट घालून येणं हेच मुळात धाडसाचं. त्या सरळ ढिगापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हा कुणी पेटवला?"

"मी. या, बसा. च्या घेनार?"

"चहा नको. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, माहितीय ना मामा?"

"हाय की माहिती. मीच सगळ्यांना सांगत असतोय. त्या सतीशला इचारा."

"मग हे काय आहे?"

"हे सुती हाय."

असं उत्तर मॅडमना नोकरीत पहिल्यांदाच मिळालं असणार. मग शांतपणे म्हणाल्या, "मामा, धूर कशाचा आहे हे नियम विचारत नाही."

"म्हंजे नियमाला नाक न्हाई."

"छातीलाही नाही, मामा. प्लास्टिकचा धूर विषारी, ते तर तुम्हीच सांगता. पण पाला जाळा नाहीतर चिंधी जाळा, धुरातली बारीक काजळी छातीत जाते ती जातेच. नाकाला कळतही नाही इतकी बारीक असते ती. शिवाय ही चिंधी रंगवलेली आहे. तो रंग जळून कुठं जातो?"

"वर जातोय."

"वर म्हणजे कुठं?"

मामांनी धुराच्या मागोमाग वर पाहिलं. धूर वर गेलाच नव्हता. लिंबाच्या फांद्यांखालून वळून तो सरळ त्यांच्याच घराच्या खिडकीत शिरत होता, आणि खिडकीत अक्का पदर नाकाला लावून शेंगा हलवत होत्या. मामांनी नजर काढून घेतली आणि मॅडमच्या बुटांची चौकशी सुरू केली, की ते पांढरे कसे राहतात.

त्या दिवशी समज देऊन मॅडम गेल्या. पुन्हा दिसलं तर दंड करीन, असं बजावून गेल्या. मामांनी त्यातून एवढाच धडा घेतला, की पेटवायचं ते मॅडम कामावर यायच्या आत. म्हणून मग आमच्याकडे धूर आधी यायचा आणि सूर्य नंतर.

याच सुमाराला एकदा दूध फ्रीजमध्ये ठेवायचं राहिलं आणि पुन्हा नासलं. मी शाळेतून आले, कुलूप काढलं, मामा कट्ट्यावर होते, पण बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, फुगलेत. धुरावरून मी चार शब्द जास्त बोलले होते, त्याचा राग धरला असेल. मग शिलाईच्या दुकानात सुती कापड कमी आणि चकचकीत कापड जास्त येऊ लागलं, आणि मामांच्या ढिगातून वितळलेले काळे थेंब टपटपायला लागले. वास असा सुटायचा की मी खिडक्या लावून घ्यायची. मामा मात्र शेजारी पायावर पाय टाकून निवांत. "मामा, हे सूत नाही," मी ओरडायची. "सूतच हाय बाई, तुमाला काय कळतंय," असं उत्तर यायचं. मला तो हट्ट वाटला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलंही.

एका दुपारी मी चटणीचा रिकामा डबा परत करायला गेले होते. उन्हाळा होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी कुणी कुणाकडे जात नाही, पण चटणी संपली होती. तेवढ्यात विजयशेठ आले. यांचे चार-सहा माग आहेत, टॉवेल काढतात. घाईत होते.

"मामा, सुताचा टेंपो दारात उभा आहे. उतरवून घेऊ का परत पाठवू, तेवढं सांगा."

मामांनी धागा ओढला. काडी लावली, फुंकर मारली. डोळे मिटून धागा नाकाखाली धरला आणि मान दाराकडे कलती केली. मी उंबऱ्यात अक्कांच्या शेजारीच उभी होते. मग अक्कांना खोकला आला.

"मिक्स हाय शेठ," मामा म्हणाले. "परत पाठवा."

"मामा, जुनी पार्टी आहे. आजवर कधी फसवलेलं नाही त्यांनी."

"त्यांनी फसवलं नसंल. माझं नाक बी फसवत न्हाई."

अक्का खोकतच होत्या. त्या हातानं नाही नाही अशी खूण करत होत्या, मधेच काही बोलायला बघत होत्या आणि पुन्हा खोकत होत्या. मामा त्यांच्याकडे बोट करून शेठना म्हणाले, "बगा, एक धागा जळला तर तिला एवढा ठसका लागला. किती भेसळ असंल इचार करा." शेठनी कपाळाला हात लावला, फोन काढला आणि ड्रायव्हरला थांबायला सांगत गाडीवर बसून गेले.

मी अक्कांना पाणी दिलं. पाठीवर हात फिरवला. खोकला थांबला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अवो," त्या म्हणाल्या, "सूत होतं ते."

"मग खोकलीस कशाला?"

"खोकला आला म्हणून."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. "खरा?"

"खरा."

मला काही कळेना. मी डबा हातात धरून दोघांकडे बघत उभी. मग अक्का बोलल्या. इतकं एकदम बोललेलं मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लई दिवस झाले बाई, ह्यांना वास येत न्हाई. हळूहळू गेला. आधी दुधाचा गेला, मग चटणीचा, मग सगळाच. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मग कोण सूत घेऊन आलं की वास मी घेते. सूत असलं की बांगड्या वाजवायच्या, मिक्स असलं की खोकायचं. असं ठरलंय आमचं." मग त्या मामांकडे वळल्या. "पण आता खोकला माझं ऐकत न्हाई. रोज सकाळी तुमी पेटवताय आन् धूर माझ्या शेगडीपाशी येतोय. डास कुटं गेले? तुमचं नाक गेलं. आता माझं बी जाईल. मग तुमाला कोण सांगणार, दूध नासलं म्हणून? शेंगा करपल्या म्हणून? गॅस चालू ऱ्हायलाय म्हणून?"

मामांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर नाकावर उभा राहिलेला माणूस, आणि ते नाक नाही हे शेजारणीसमोर उघडं पडलेलं. मी काढता पाय घ्यायला लागले, तर मामा उठले. खुंटीवरचा सदरा घातला.

"बाई, तुमची स्कूटी काढा. टेंपो जायच्या आत पोचलं पायजे."

त्या उन्हात मी त्यांना मागं बसवून विजयशेठच्या कारखान्यावर नेलं. वाटेत ते फक्त एकदा "जोरात" म्हणाले. टेंपो फाटकातच होता. हमाल दोऱ्या आवळत होते. मामा गाडीवरून उतरले आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, निकाल सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "शेठ, माल चोख हाय. सूत हाय. उतरवून घ्या. माझं नाक गेलंय."

हमालांचे हात थांबले. शेठनी विचारलं, "मग इतके दिवस आम्हाला कोण सांगत होतं?"

"लक्ष्मी."

शेठ म्हणाले, "एकदाही चूक निघाली नाही मामा. मग इथून पुढं कोन मावशींकडंच घेऊन येतो." मामांनी मान हलवली. त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला त्या चेहऱ्यावरून सांगता येईना. दोन्ही झालं असावं. मला मात्र त्यांचा त्या वेळी फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना सांगितला नाही, कारण सांगितला असता तर ते पुढं महिनाभर त्यावर बोलत बसले असते.

परत येताना एका चौकात सिग्नलला थांबलो. मागून आवाज आला, "बाई, हितं काय वास येतोय आत्ता?"

"भज्यांचा, मामा."

"कांद्याची का मिरचीची?"

मी नीट वास घेतला. "मिरचीची."

"हं." मग पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा, "आन् हितं?" मी सांगत गेले. मसाल्याची गिरणी आली, मिरची कांडतायत. टायरचं दुकान आलं. फुलवाला आला, मोगरा आहे. मधे मी एक ठिकाण गाळलं, तर मामा म्हणाले, "हितं गटार हाय ना मोठं? ते बी सांगा की." मी सांगितलं. गटाराचा वास सांगताना रडू येईल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खराट्याचा आवाज आला, पण धूर आला नाही. मी गॅलरीत जाऊन पाहिलं. मामा ढिगापाशी उभे होते. खिशातून काडेपेटी काढली, कानाशी नेऊन खुळखुळ वाजवली आणि पुन्हा खिशात ठेवली. घंटागाडी येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. गाडी आल्यावर चिंध्या आणि पिशव्या आपल्या हातानं आत टाकल्या. पाला तेवढा ठेवून घेतला, आणि लिंबाखाली एक जुनं पत्र्याचं पिंप आणून त्यात खतासाठी भरायला लागले. डास होते तेवढेच राहिले, पण त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतून सूज आहे, वर्षानुवर्षं धूर घेतल्यावर दुसरं काय होणार. औषध दिलं, धूर कायमचा बंद करायला सांगितलं. वास येईल की नाही याची खात्री देता येत नाही, आला तर हळूहळू, थोडा येईल. मामांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "थोडा म्हंजे किती? दुधापत्तूर येईल का?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, बघू.

प्रज्ञा मॅडम पुन्हा आल्या तेव्हा रस्त्यावर राखेचा डागसुद्धा नव्हता. त्या संशयानं इकडंतिकडं बघायला लागल्या. मामा म्हणाले, "हुंगून बगा मॅडम, पायजे तर." मॅडमनी एकदा पिंपाकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या अक्कांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, आज चहा घेते."

त्यानंतर मामांनी आमचा जीव नको केला. नवीन धर्म घेतलेल्या माणसाचा उत्साह काय विचारता! "सुती असू दे न्हाईतर रेशमी, छातीला नाक न्हाई," हे मॅडमचं वाक्य त्यांनी स्वतःचं करून टाकलं, आणि स्वतः मॅडमनाच एकदा ऐकवलं. लिंबाच्या बुंध्याशी पाण्यानं भरलेली एक बादली कायमची ठेवली. कुठं धूर दिसला की बादली घेऊन निघायचे. पण आता दिसावा लागायचा. वास यायचा नाही. कुणाच्या अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापत असलं, की तिकडंही धावायचे आणि ओशाळून परत यायचे. अक्कांचा खोकला मात्र कमी होत गेला. विजयशेठचे कोन आता त्यांच्याकडे यायचे. त्या धागा जाळून हुंगायच्या आणि एका शब्दात निकाल द्यायच्या. मान डोलावणं नाही, काही नाही. मामांना तो प्रकार फार रुक्ष वाटायचा. "जरा डोळे तरी मिट की," म्हणायचे.

मागच्या वर्षी मी रिटायर झाले आणि मुलीकडे पुण्याला राहायला जायचं ठरलं. ज्या सकाळी निघाले, त्या सकाळी सामान टेंपोत भरून झाल्यावर अक्कांनी चहाला बोलावलं. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. माझ्यासाठी चटणीचा डबा भरून ठेवला होता. मामा मला पुण्यात कचरा कसा द्यायचा ते समजावत होते.

तेवढ्यात मला वास आला. कुठंतरी मागं कुणीतरी प्लास्टिक पेटवलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना माझ्याआधीच आला होता. त्यांनी मानेनं मला गप्प राहायला सांगितलं आणि मामांकडे बघत राहिल्या.

मामा ओल्या कचऱ्यावर बोलत होते. बोलता बोलता थांबले. कप खाली ठेवला. नाकपुड्या हलल्या.

"लक्ष्मी."

"काय वो?"

"घाण येतीय गं."

अक्कांनी आवाज अगदी साधा ठेवला. "कशाची?"

मामांनी डोळे मिटले. धागा हुंगताना मिटायचे तसेच. सवयीनं मान अक्कांकडे कलती झाली. अक्का खोकल्या नाहीत. हात त्यांनी असा आवळून धरला होता, की बांगडीचाही आवाज होऊ नये. मीही श्वास धरून बसले.

"पिशव्या," मामा म्हणाले. "दुधाच्या. आन्... थांब... चप्पल हाय. रबरी चप्पल हाय एक." त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "आरारारा! काय घाण हाय गं! काय घाण हाय!" अत्तराची कुपी उघडल्यावर कुणाचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नसेल. ते पुन्हा पुन्हा छाती भरून तो वास घेऊ लागले, तेव्हा अक्काच ओरडल्या, "अवो, पुरे! जहर हाय ते!"

मग मामांना एकदम आठवण झाली, की आपल्याला राग यायला पाहिजे. त्यांनी धोतर खोचलं, लिंबाखालची बादली उचलली आणि निघाले. "कोण जाळतंय रं? आरं सतीश!" पाणी डचमळून निम्मं रस्त्यावरच सांडत होतं.

"चप्पल घालायची बी शुद्ध न्हाई," अक्का म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

टेंपोवाल्यानं भोंगा वाजवला. मी उठून उभी राहिले. बोळाच्या टोकाला मामा थांबले होते. समोर दोन वाटा, आणि घरांच्या गर्दीत धूर कुठूनच दिसत नव्हता. त्यांनी बटाट्यासारखं नाक वर केलं, एकदा उजवीकडे फिरवलं, एकदा डावीकडे, आणि अनवाणी पायांनी भराभरा डावीकडे वळले. माझा टेंपो त्या कोपऱ्यावरून गेला तेव्हा मी वाकून पाहिलं. धूर डावीकडेच होता.